तेलातली चमक

माझ्या थोरल्या भावाचं लग्न झालं तेव्हा मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होतो. वैनी आली ती येलहंक्याच्या पलीकडच्या एका खेड्यातून. तिचं घराणंही आमच्यासारखंच, कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे कानडी मुलखात येऊन राहिलेलं मराठी. फक्त आम्ही शहरात धंदा करणारे आणि ते तळ्याखालची जमीन कसणारे. तिच्या मराठीत कानडी आमच्याहून जास्त होतं, आणि आमच्याच मराठीत ते इतकं होतं की पुण्याहून कारखान्यांत नोकरीला आलेली मंडळी आमचं बोलणं ऐकून हसू दाबायची. लग्नात तिच्याबद्दल एवढंच कळलं होतं, की मुलगी चौथीपर्यंत शिकलेली आहे आणि कामाला वाघ आहे. या मुलीचा मी पुढची कित्येक वर्षं मत्सर करणार आहे, असं त्या दिवशी कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

अप्पांचा, म्हणजे आमच्या वडिलांचा, जुन्या शेती-अवजारांचा धंदा होता. राजाजीनगर तेव्हा नुकतं वसत होतं. रस्ते आखलेले, साइटींचे, म्हणजे घरांच्या प्लॉटांचे, दगड रोवलेले, पण घरं तुरळक, आणि मधल्या रिकाम्या जागांत घाणेरीची झुडपं. तिथल्या एका कोपऱ्यावर आमची पत्र्याची शेड होती. आत लोखंडी नांगर, कडबा कापायची यंत्रं, उसाचे चरक, विहिरीवरचे पंप, एका सिलिंडरची डिझेल इंजिनं. अप्पा खेड्यापाड्यांतून जुना माल आणायचे, दुरुस्त करायचे आणि विकायचे. पण त्यांची खरी ओळख वेगळीच होती. त्या सगळ्या पट्ट्यात कुठल्याही गावात भाऊ वेगळे व्हायला निघाले, किंवा कुणी इंजिन विकायला काढलं आणि सौदा अडला, की दोन्ही बाजू म्हणायच्या, "रायरना बोलवा." कानडी गावांत अप्पांना मानानं रायर म्हणत. अप्पा जायचे, वस्तू बघायचे आणि एक किंमत सांगायचे. त्याबद्दल ते पैसे घेत नसत, फक्त कॉफी घेत. त्यांचा नियम एकच होता. त्यांनी सांगितलेल्या किमतीला वस्तू घेऊन कुणाला मागाहून पस्तावा झाला, तर त्याच किमतीला ती ते स्वतः परत घेणार. म्हणून त्यांच्या शब्दावर गावं चालायची.

हे सगळं पुढे माझंच आहे, असं मी लहानपणापासून धरून चाललो होतो. अण्णाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, लोखंडाचा कंटाळा. तो सरकारी कारखान्यात चिकटला आणि सकाळी बसमध्ये बसून संध्याकाळी परत येण्यात सुखी होता. शाळेच्या सुट्टीत अप्पांबरोबर खेड्यांत जायचो तो मी. नांगराच्या फाळाची झीज कशी बघायची, चरकातून निघालेलं चिपाड मुठीत पिळून किती रस वाया जातोय ते कसं ओळखायचं, नव्या रंगाखाली जुनी भेग कशी शोधायची, हे त्यांनी मला दाखवलं. मी वहीत उतरवून घ्यायचो. अप्पांनी कधी काही लिहिलं नाही. ते वस्तूवर हात ठेवून थोडा वेळ गप्प उभे राहायचे आणि मग बोलायचे. तो हात मला हवा होता. तो आला नाही तेव्हा मी डिप्लोमा केला आणि बारीक मापं घ्यायचा जाड स्टीलचा व्हर्नियर विकत घेतला.

लग्नानंतर वर्षभरानं येलहंक्याजवळ एका द्राक्षवाल्याचं इंजिन बघायला जायचं होतं. वाटेतच वैनीचं माहेर, म्हणून आईनं तिलाही बरोबर पाठवलं. अप्पा मला म्हणाले, "आज तू बघ. मी बसतो." मला आकाश ठेंगणं झालं. मी चाक फिरवून कॉम्प्रेशन पाहिलं, इंजिन चालू करून धूर पाहिला, व्हर्नियरनं शाफ्ट मोजला, सगळं वहीत लिहिलं आणि सांगितलं, "पहिल्या प्रतीचं आहे. रंगसुद्धा मूळचा आहे."

अप्पा मान हलवणार एवढ्यात मागून वैनीचा आवाज आला. ती विहिरीच्या कठड्याजवळ उभी होती, इंजिन थंड ठेवायला पाण्याचं पिंप असतं त्याच्या शेजारी. तिनं अप्पांना विचारलं, "मामंजी, पिंपात बुडबुडे का येतायत?"

अप्पा उठले. दोघं पिंपात वाकून बघू लागले. इंजिनाच्या प्रत्येक ठोक्याला पाण्यातून एक बारीक बुडबुडा वर येत होता. सिलिंडरच्या आत कुठेतरी केसाएवढी भेग होती आणि तिथून हवा पाण्यात शिरत होती. बाहेरून ती कुणाला दिसली नसती. पिंपात बघायचं असतं हे मला माहीत होतं. परीक्षेत त्यावर प्रश्नही आला होता. पण त्या दिवशी मी पिंपाकडे पाठ करून उभा होतो.

"तुला कसं कळलं ग?" अप्पांनी विचारलं.

"आमच्या चरकावरचं इंजिन असंच गेलं. बाबांची दोन बोटं गेल्यापासून मीच चालू करायची ना. मोप दिवस बुडबुडे आले, मग एक दिवस फटकन बंदच." तिनं हे इतक्या सहज सांगितलं, जसं दूध उतू गेल्याचं सांगावं.

अप्पा हसले. मी जन्मात त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. कुणाला तरी हरवलेला नातेवाईक भेटावा तसं त्यांचं तोंड झालं. येताना बसमध्ये ते तिला इंजिनांबद्दल विचारत राहिले आणि ती सांगत राहिली. मी मागच्या बाकावर, मांडीवर व्हर्नियरची पेटी घेऊन बसलो होतो.

त्या दिवसापासून हे सुरू झालं. आधी अप्पा तिला अधूनमधून शेडवर बोलवायचे, मग रोज दुपारी. घरातलं आटपून ती यायची, पदर खोचायची आणि पंपाच्या कवचावर कान ठेवून बसायची. आईनं विरोध केला नाही. उलट म्हणाली, "जाऊ दे, तिचा जीव तिथं रमतो." अण्णाला तर अभिमानच. जेवताना तो म्हणायचा, "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, हिला सगळं कळतं." आणि ताटातला भात कालवत हसायचा. बायकोला आपल्यापेक्षा जास्त येतं हे सांगताना त्याला काहीच कसं होत नाही, याचं मला आश्चर्य वाटायचं. मी ताट अर्धं टाकून उठायचो.

मत्सर म्हणजे काहीतरी भडक असतं अशी माझी समजूत होती. तो तसा नव्हता. ती दोन तासांत पाहते ते इंजिन मी तीन तास पाहायचो. ती काय म्हणते ते ऐकून त्यातली चूक शोधायचो. सापडली की दिवस बरा जायचा, पण ती वर्षातून दोनदा सापडायची. गावांत लोक तिला 'सोसे' म्हणायला लागले. कानडीत सोसे म्हणजे सून. मी एकटा गेलो की दारातच माझ्या खांद्यावरून मागे बघत विचारायचे, "सोसे बरलिल्लवा?" सून नाही आली का? मी म्हणायचो, घरी काम होतं. आणि दर वेळी माझी किंमत ऐकून झाल्यावर मालक म्हणायचा, सरी, ठीक आहे, पण एकदा सोसेला विचारून कळवाल का?

ती मला कधी लागेल असं बोलली असती तर बरं झालं असतं. ती उलट मलाच विचारायची. "भावजी, हे बेअरिंग कसं काय वाटतं तुम्हाला?" मला वाटायचं, ही मुद्दाम विचारते. आज वाटतं, तिला खरंच जाणून घ्यायचं असायचं.

चार-पाच वर्षं अशी गेली. मग एका उन्हाळ्यात अप्पांना कावीळ झाली. डोळे हळदीसारखे, उठवत नव्हतं. त्याच आठवड्यात एका गावातून निरोप आला. दोन भाऊ वेगळे होत होते. जमीन वाटून झाली होती, अवजारं राहिली होती, आणि पेरणीच्या आधी निकाल हवा होता. अप्पांनी आम्हा दोघांना खाटेजवळ बोलावलं.

"दोघं जा. दोघांनी मिळून एक किंमत सांगा."

"एक म्हणजे?" मी विचारलं. "मत वेगळं पडलं तर?"

"तर बोला. बोलून एक करा. लोकांपुढे दोन तोंडं नकोत."

बसमधून उतरल्यावर गाव पुढे मैलभर पायी होतं. अंगणात सगळं मांडून ठेवलं होतं: इंजिन, उसाचा चरक, पंप, तीन नांगर, आणि मधोमध लाल ट्रॅक्टर. त्या काळी ट्रॅक्टर म्हणजे आजूबाजूच्या दहा गावांत एक. तीन वर्षांपूर्वी त्यांनी तो एका कॉफीच्या मळ्यातून जुना घेतला होता, आणि वाटणीसाठी कुणीतरी त्याला नवा रंग दिला होता. थोरला भाऊ ओसरीवर आईशेजारी बसला होता. धाकटा ट्रॅक्टरभोवती फिरत होता. तोच तो चालवायचा, आणि त्याला तोच हवा होता, हे त्याच्या हातावरून कळत होतं. बोलताना तो सारखा चाकावर हात ठेवत होता.

चरक, इंजिन, पंप यांवर आमचं एकमत झालं. तिन्ही खणखणीत होती. मग वैनी ओसरीवर म्हातारीनं दिलेलं पाणी प्यायला गेली आणि मी ट्रॅक्टर बघायला घेतला. इंजिन छान होतं. मी गिअरपेटीचा बोल्ट काढला, बोट आत घातलं आणि बाहेर काढलं. काळं तेल. मी बोट उन्हात धरलं. तेलात बारीक चमक होती, चांदीचा वर्ख कुस्करून टाकावा तशी.

याचा अर्थ मला माहीत होता. आत गिअरचे दाते झिजत होते. किती झिजले ते पेटी उघडल्याशिवाय कळलं नसतं, पण पेटी चांगली नव्हती एवढं नक्की. मी बोट विजारीला पुसलं. लपवायचा विचार त्या क्षणी माझ्या मनात नव्हता. वैनी आली की आधी मी सांगेन, आणि या वेळी तिला दिसायच्या आत मला दिसलेलं असेल, एवढाच आनंद मी मनात घोळवत होतो. पुढचे टायर बघायला मी पलीकडे गेलो.

परत आलो तर वैनी गिअरपेटीपाशी बसलेली. तिचा तळहात पसरलेला, त्यावर तेल चोळलेलं.

"भावजी, हे बघा. उन्हात धरा स्वल्प."

दोन्ही भाऊ जवळ आले. म्हातारीनं मान वर केली. सगळे तिच्या तळहाताकडे बघत होते. मी नुकतंच तेच पाहिलं होतं, पण आता ते तिचं झालं होतं. मी "हो, मीही पाहिलं" म्हणालो असतो तर ते मागून म्हटल्यासारखं झालं असतं. हा सगळा विचार करायला मला एक श्वाससुद्धा लागला नाही.

"त्यात काही नाही," मी म्हणालो. "नवे गिअर एकमेकांवर घासून बसताना असं येतंच. आम्हाला शिकवलंय."

"पण हा नवा कुठं आहे?"

"कॉफीच्या मळ्यातल्या मालकानं गिअर बदलले असणार."

"असणार, का बदललेत?" तिनं विचारलं. भांडण्याचा सूर नव्हता.

मग मी सगळ्यांना कळावं म्हणून कानडीत बोललो. वैनींना इंजिनाचं चांगलं कळतं, म्हणालो, पण ट्रॅक्टर ही वेगळी गोष्ट आहे, त्याचं मी शिक्षण घेतलंय. धाकट्याचं तोंड उजळलं. त्याला हेच ऐकायचं होतं. वैनीनं माझ्याकडे पाहिलं. परक्यांच्या अंगणात, चार लोकांपुढे, अप्पांनी दोन तोंडं नकोत म्हणून बजावलेलं. तिनं वाकून हात गवताला पुसला.

"सरी," ती म्हणाली. "भावजी शिकलेत. ते म्हणतात तर सरी."

मी ट्रॅक्टरची किंमत चढी सांगितली. इतकी चढी, की एकट्या ट्रॅक्टरच्या बदल्यात चरक, इंजिन, पंप आणि नांगर हे सगळं थोरल्याच्या वाट्याला गेलं. धाकट्यानं आनंदानं मान्य केलं.

येताना बसस्टॉपवर वैनी म्हणाली, "मामंजींना सांगू या का, तेलाचं?"

"त्यांना उठवत नाही. उगाच डोक्याला ताप कशाला?"

तिनं पिशवी उचलली आणि येणाऱ्या बसला हात केला. आमच्या घरात धाकट्या दिराशी भांडणाऱ्या सुना नव्हत्या. घरी आल्यावर मी अप्पांना आकडे सांगितले. त्यांनी डोळे मिटूनच विचारलं, "दोघांचं एकमत?" मी हो म्हणालो. वैनी स्वयंपाकघरात होती.

ट्रॅक्टर ऐन नांगरटीत बसला. रागीची, म्हणजे नाचणीची, पेरणी तोंडावर आलेली, आणि शेताच्या मधोमध गिअरपेटीतून दगड फुटल्यासारखा आवाज होऊन तो जागच्या जागी थांबला. धाकट्या भावाकडे दुसरं काहीच नव्हतं. नांगर थोरल्याकडे गेले होते आणि भावाशी बोलणं बंद होतं. भाड्यानं बैल मिळायला त्याला दोन आठवडे लागले. तोवर वाफसा गेला. जे पेरलं ते विरळ उगवलं.

हे त्यानंच आम्हाला शेडवर येऊन सांगितलं. तो चिडला असता तर मला सोपं गेलं असतं. तो स्टुलावर बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि अप्पांना म्हणाला, "रायरे, तुमच्या सोसेनं त्या दिवशी सांगितलं होतं. मग तुमच्या मुलानं नाही का म्हटलं, तेवढं मला कळत नाही."

अप्पा नुकते हिंडूफिरू लागले होते. त्यांनी आम्हा दोघांकडे पाहिलं. मी वैनीकडे बघायचं टाळलं.

"दोघांनी पाहिलं, मामंजी," ती म्हणाली. "दोघांचं चुकलं."

अप्पांनी त्याला तिथल्या तिथे सांगितलं की ट्रॅक्टर ते सांगितलेल्या किमतीला परत घेतील. त्यांच्याजवळ तेवढी रक्कम एकाच कारणासाठी बाजूला काढलेली होती: शेडच्या मागची साइट माझ्यासाठी घ्यायची, तिथं मला छोटं वर्कशॉप काढून द्यायचं. ती साइट पुढच्या महिन्यात दुसऱ्यानं घेतली. तिथं त्यानं पिठाची गिरणी टाकली. मी रोज येताजाता ती बघायचो.

पण खरं सांगायचं तर साइटीचं दुःख मला तेवढं झालं नाही, जेवढा वैनीचा राग आला. तिनं मला झाकलं होतं. म्हणजे तिला सगळं कळलं होतं आणि तरी तिनं अर्धा दोष स्वतःवर घेतला होता. आता ती माझ्याहून हुशारच नव्हती, माझ्याहून चांगलीही होती. मी तिच्याशी बोलणंच सोडलं. ती ताट वाढायची, मी खाली बघून जेवायचो.

ट्रॅक्टर लॉरीनं शेडवर आला. अप्पांनी पेटी उघडायला घेतली. मी बोल्ट काढत होतो, वैनी ते रॉकेलमध्ये धूत होती. तेल काढायची वेळ आली तेव्हा अप्पा म्हणाले, "जमिनीवर नको. परातीत काढ. आणि परात उन्हात ने."

मी नेली. परातभर तेल उन्हात असं चमकत होतं की डोळे दिपावेत. मधेमधे तांदळाएवढे लोखंडाचे कण. अप्पा कंबरेवर हात ठेवून बघत राहिले.

"हे त्या दिवशी दिसलं नसेल?" ते म्हणाले. कुणाला उद्देशून नाही. बहुधा त्यांना खरंच नवल वाटत होतं, की आपण शिकवलेल्या दोन माणसांना हे दिसू नये.

वैनी रॉकेलच्या डब्यावर वाकलेली होती. तिनं मान वर केली नाही. ती पुन्हा काहीतरी बोलून मला वाचवणार, असं मला वाटलं, आणि ते पुन्हा एकदा सहन करणं मला शक्य नव्हतं. मी बोललो ते चांगुलपणानं नाही, हे इथं लिहून ठेवायला हवं.

"दिसलं होतं," मी म्हणालो. "वैनीच्या आधी मलाच दिसलं होतं."

"मग?"

"मी सांगणार होतो. तेवढ्यात तिनं सांगितलं. म्हणून मी नाही म्हटलं."

अप्पांना ते समजायला वेळ लागला. त्यांनी एकदा परातीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मला वाटलं ते हात उगारतील. त्यांनी आयुष्यात कधी माझ्यावर हात उगारला नव्हता, पण त्या दिवशी मला ते हवं होतं. ते फक्त म्हणाले, "तिनं सांगितलं म्हणून?" आणि शेडच्या आत जाऊन बसले. त्या दुपारी ते जेवायला घरी आले नाहीत.

वैनी उठली. माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला खरंच तसं शिकवलं असेल. मी म्हटलं, मला काय ठाऊक, पुस्तकातलं." तिचे डोळे भरले होते. पहिल्यांदाच ती मला रागावलेली दिसली. "चार महिने मी रोज मनात म्हणते, कुठली चमक चांगली नि कुठली वाईट, हे मला का ओळखता येऊ नये, माझंच बघणं कुठं चुकलं? हात तेलात घालायची भीती वाटायला लागली मला, भावजी."

म्हणजे तिला कळलंच नव्हतं. मी समजत होतो ती मला झाकतेय. ती स्वतःला चुकीची समजत होती. "दोघांचं चुकलं" हे तिनं मनापासून म्हटलं होतं. तिचा तो हात, ज्याचा मी इतकी वर्षं हेवा केला, तो मी माझ्या एका वाक्यानं बिघडवत आणला होता.

दोन दिवसांनी अप्पा मला घेऊन त्या धाकट्या भावाच्या गावी गेले. वैनीला नेलं नाही. अंगणात उभा राहून मी जे परातीपाशी बोललो तेच त्याच्यापुढे बोललो. त्यानं ऐकून घेतलं. त्याची बायको दारात उभी होती, कडेवर मूल.

"किंमत रायरनी परत दिली," तो म्हणाला. "ती मिळाली. रागी गेली ती गेली. तुमच्या घरात कोण मोठं, कोण लहान, ते तुमचं तुम्ही बघा. त्यासाठी माझं शेत कशाला?"

अप्पांनी खाली बघितलं. परत येताना ते बसमध्ये माझ्या शेजारी बसले, पण खिडकीकडे तोंड करून.

ट्रॅक्टरचे गिअर मद्रासहून यायला पाच महिने लागले. तो दुरुस्त झाला तेव्हा मी अप्पांना विचारून तो घेऊन त्या गावी गेलो आणि पुढच्या पेरणीआधी धाकट्याची सगळी जमीन नांगरून दिली. आठवडाभर तिथंच राहिलो. त्यानं नको म्हटलं नाही, आणि धन्यवादही दिले नाहीत. शेवटच्या दिवशी त्याच्या बायकोनं जेवायला वाढलं आणि विचारलं, सोसे बऱ्या आहेत ना? मी म्हणालो, बऱ्या आहेत. रागीचा मुद्दा, म्हणजे नाचणीचा उकडलेला गोळा, सारात बुडवून गिळताना मला जाणवलं, की इतकं होऊनसुद्धा ते नाव ऐकून आत कुठेतरी टोचलंच.

अप्पांनी मला धंद्यातून काढलं नाही. पण किंमत सांगायला मी पुन्हा गेलो नाही. मीच नको म्हटलं. राजाजीनगरातच पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात नोकरी धरली. तिथं वस्तू नव्या असायच्या आणि त्यांची किंमत आधीच ठरलेली असायची. मला ते बरं वाटलं. वैनी पहिले काही महिने कुठलीही वस्तू बघितली की अप्पांकडे वळून विचारायची, "बरोबर ना?" अप्पा म्हणायचे, "तू सांग." हळूहळू तिनं वळून बघणं सोडलं. अप्पांचे गुडघे गेले तेव्हा शेड तिच्याच हातात आली. त्या दिवशी घरात गोड केलं होतं. मी दोन वेळा वाढून घेतलं आणि कुणाला काही दिसू दिलं नाही.

तिला एकाच गोष्टीची अडचण होती. इंजिनांवरच्या पितळी पाट्या इंग्रजीत असायच्या: किती अश्वशक्ती, किती फेरे, कुठल्या क्रमांकाचं. ते वाचायला रविवारी मी बरोबर जायचो. वैनी बघायची, मी पाटी वाचायचो, ती आकडा सांगायची आणि मी लिहायचो. कधी माझं मत वेगळं असलं तर आता मी सगळ्यांसमोर सांगायचो, आणि ती कधी मानायची, कधी नाही. एकदा माझं खरं निघालं, तिचं चुकलं. त्या आठवड्यात मी कारखान्यात शीळ घालत काम केलं.

एका रविवारी परत येताना ती म्हणाली, "भावजी, ते इंग्रजी मला शिकवाल का? पाटीपुरतं."

मी म्हणालो, शिकवू की. आणि शिकवलं नाही. या रविवारी डोकं दुखतंय, त्या रविवारी पाहुणे. तिच्याकडे नव्हतं आणि माझ्याकडे होतं असं तेवढंच एक उरलं होतं, आणि ते द्यायला माझा हात निघत नव्हता. तिनं पुन्हा विचारलं नाही. महिनाभरानं मी शेडवर गेलो तेव्हा ती एका इंजिनापुढे उकिडवी बसून पाटीवरची अक्षरं खडूनं फरशीवर जशीच्या तशी काढत होती. उलटी, सुलटी, अर्थ न कळता, नक्षी काढावी तशी. मी आल्याचं तिला कळलं नाही. मी थोडा वेळ दारात उभा राहिलो. मग आत जाऊन तिच्याशेजारी बसलो आणि तिच्या हातातला खडू घेतला.

"हा एच," मी म्हणालो. "आणि हा पी. ही दोन एकत्र दिसली की समजायचं, किती घोड्यांचं बळ ते."

तिला तीन रविवार लागले. चौथ्या रविवारी ती एकटीच गेली. मी घरी बसून पेपर वाचला. संध्याकाळी ती आली आणि अण्णाला चहा देता देता, आज काय काय बघितलं ते सांगू लागली. मी पेपर खाली ठेवला आणि ऐकत बसलो.